अकरा योजना आणि पुढच्या वर्षीची फी

वाचकाचा प्रश्न : एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. वय 44, खासगी कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी. यजमानांचा छोटा व्यवसाय असल्याने त्यांच्या उत्पन्नात महिन्यागणिक चढउतार असतात. गेल्या दहा वर्षांत त्यांनी म्युच्युअल फंडांच्या अकरा योजना घेतल्या : तीन लार्ज कॅप (मोठ्या कंपन्यांच्या), दोन फ्लेक्सी कॅप (सर्व आकारांच्या कंपन्यांच्या), एक मिड कॅप (मध्यम कंपन्यांची), दोन स्मॉल कॅप (लहान कंपन्यांच्या), करबचतीसाठी दोन ईएलएसएस आणि "दहा रुपयांना युनिट मिळते आहे" म्हणून घेतलेली तंत्रज्ञान क्षेत्राची एक नवी योजना. एसआयपीचे (दरमहा ठरावीक रकमेच्या हप्त्यांचे) मिळून महिन्याला 24,000 रुपये जातात आणि आजचे एकूण मूल्य सुमारे 19 लाख आहे. सगळी खरेदी घरच्यासारख्या असलेल्या एजंट काकांमार्फत झाली. दिरांचे म्हणणे असे की काकांचे कमिशन वाचवावे, सगळे विकून यादीतले पहिल्या क्रमांकाचे फंड डायरेक्ट, म्हणजे एजंटाशिवाय थेट फंड कंपनीकडून, घ्यावेत. त्या रोज रात्री ॲप उघडून आकडे पाहतात. एका योजनेने तीन वर्षांत 18 टक्के, म्हणजे वर्षाला जेमतेम 6 टक्के दिले, त्यापेक्षा बँकेतली ठेव बरी होती, असे त्यांना वाटते. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "मुलगी अकरावीला आहे. तिच्या प्रवेशासाठी लागणारे चार लाख एका स्मॉल कॅप फंडात आहेत, ते साधारण पंधरा महिन्यांनी लागतील. पण माझा मुख्य प्रश्न हा, की सगळे विकून सर्वांत चांगले तीन-चार फंड घेऊ का? आणि काकांना कोणत्या तोंडाने सांगू?"

उत्तर :

सस्नेह नमस्कार.

तुमच्या पत्रातले सर्वांत निकडीचे वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिले आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो. पंधरा महिन्यांनी लागणारे चार लाख रुपये स्मॉल कॅप फंडात असणे, ही तुमच्या संपूर्ण गुंतवणुकीतली एकमेव गोष्ट अशी आहे की जिच्यासाठी या आठवड्यातच हालचाल करावी. भांडवली बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या व्याख्येनुसार बाजारमूल्याच्या क्रमवारीत 251व्या क्रमांकापासून पुढच्या सगळ्या कंपन्या स्मॉल कॅप ठरतात आणि स्मॉल कॅप फंडाला किमान 65 टक्के पैसे अशाच कंपन्यांत ठेवावे लागतात. त्यामुळे बाजार पडत असताना फंड व्यवस्थापकाला कितीही वाटले तरी त्याला बाजूला होऊन उभे राहता येत नाही. जानेवारी 2018 ते मार्च 2020 या काळात स्मॉल कॅपचे निर्देशांक निम्म्याहून अधिक खाली आले आणि जुनी पातळी परत दिसायला 2021 उजाडले. दहा वर्षे थांबू शकणाऱ्याला ही घसरण सोसता येते, परंतु प्रवेशाची तारीख बाजार पाहून पुढे ढकलता येत नाही.

तुमच्या मनात लगेच येईल की आत्ता भाव थोडा उतरलेला आहे, जरा सावरला की काढू. हा विचार मी अनेक पत्रांत वाचतो. त्यामागचे गृहीतक असे असते की भाव सावरण्याला काही ठरलेली मुदत आहे आणि ती आपल्या गरजेच्या आधी संपणार आहे. त्याला कोणताही आधार नाही. माझे स्पष्ट मत असे की ही संपूर्ण रक्कम आत्ताच काढावी, तीन-चार हप्त्यांत काढण्याचाही खटाटोप करू नये, आणि ती बँकेच्या मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात ठेवावी. लिक्विड फंड जास्तीत जास्त 91 दिवसांत परत मिळणाऱ्या रोख्यांत पैसे लावतात, त्यामुळे त्यांत चढउतार अगदी कमी असतो. मात्र रोख्यांचे सगळेच फंड सारखे नसतात. 23 एप्रिल 2020 रोजी एका मोठ्या फंड कंपनीने आपल्या सहा रोखे योजना एकाएकी गुंडाळल्या आणि गुंतवणूकदारांना आपले पैसे टप्प्याटप्प्याने परत मिळेपर्यंत थांबावे लागले. फीच्या पैशांसाठी थोड्या जास्त व्याजाचा मोह धरून कमी पतीच्या कंपन्यांच्या रोख्यांत पैसे लावणाऱ्या क्रेडिट रिस्कसारख्या योजनांच्या वाटेला जाऊ नका. यजमानांचे उत्पन्न अस्थिर आहे असे तुम्ही लिहिता, परंतु अडीअडचणीसाठी वेगळे पैसे ठेवल्याचा उल्लेख पत्रात कुठेही नाही. सहा महिन्यांचा घरखर्च याच पद्धतीने बाजूला नसेल, तर नवा फंड शोधण्याआधी ते काम करावे.

आता त्या 18 टक्क्यांकडे वळू. हिशेब विभागात काम करणाऱ्या व्यक्तीनेही 18 ला 3 ने भागून वर्षाला 6 टक्के काढावेत, यात नवल नाही, कारण ॲप तो आकडा दाखवतेच अशा रीतीने की भागाकार करण्याचा मोह व्हावा. पण तुम्ही तीन वर्षांपूर्वी एकरकमी पैसे भरले नव्हते. समजा महिन्याला 5,000 रुपयांचे 36 हप्ते गेले, एकूण 1,80,000 रुपये भरले आणि आज त्यांचे 2,12,400 झाले. यांतला पहिला हप्ता तीन वर्षे कामाला होता, मधला दीड वर्ष, आणि शेवटच्याला तर महिनाही झालेला नाही, म्हणजे तुमचा रुपया सरासरीने दीड वर्षच गुंतलेला होता. प्रत्येक हप्त्याची तारीख धरून परतावा काढण्याची एक्सआयआरआर ही पद्धत लावली, तर याच 18 टक्क्यांचे वार्षिक उत्तर सुमारे 11 टक्के येते. तुमच्या कार्यालयातल्या संगणकावर स्प्रेडशीटमध्ये तारखांचा एक रकाना आणि रकमांचा दुसरा रकाना करा. भरलेले पैसे उणे चिन्हाने आणि आजचे मूल्य अधिक चिन्हाने लिहा, आणि एक्सआयआरआरचे सूत्र लावा. ज्या योजनेवर तुम्ही रोज रात्री रागावत आहात, तिने ठेवीपेक्षा वाईट कामगिरी केलेली नाही, हे दहा मिनिटांत दिसेल. (11 टक्के दर वर्षी मिळत राहतील, असे मात्र यावरून मुळीच ठरत नाही.)

यावरून तुमच्या मुख्य प्रश्नाशी येतो. "सर्वांत चांगले तीन-चार फंड" असे तुम्ही म्हणता, तेव्हा असे फंड आज कुठेतरी ओळखता येण्याजोगे आहेत आणि ते न सापडल्यामुळे आपले नुकसान होत आहे, असे तुम्ही धरून चालता. यादीत जो पहिला दिसतो, तो गेल्या एक किंवा तीन वर्षांत पहिला आलेला असतो, आणि तसा येण्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते की त्या काळात ज्या क्षेत्राची वा ज्या आकाराच्या कंपन्यांची चलती होती, त्या त्याच्याकडे जास्त होत्या. चलती फिरली की यादीही फिरते. तुमच्या अकरा योजना पाहिल्या तर त्या अशाच दरवर्षीच्या याद्यांतून जमलेल्या दिसतात, आणि आता सगळे विकून नवी यादी घ्यावी, हा दिरांचा सल्ला म्हणजे तीच सवय मोठ्या रकमेवर चालवणे आहे.

जुन्या परताव्याकडे पाहायचेच असेल, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ऑक्टोबर 2017 मध्ये सेबीने योजनांचे प्रकार आखून दिले आणि 2018 मध्ये अनेक योजनांची नावे बदलली, काही एकमेकींत विलीन झाल्या, काहींचे धोरणच बदलले. त्यामुळे एखाद्या योजनेचा दहा-बारा वर्षांचा आलेख पाहताना त्याचा सुरुवातीचा भाग वेगळ्या धोरणाच्या योजनेचा असू शकतो. दुसरे, फंडाची तुलना त्याच्या निर्देशांकाच्या टोटल रिटर्न आवृत्तीशी व्हायला हवी, म्हणजे ज्या निर्देशांकात कंपन्यांनी दिलेला लाभांशही धरलेला असतो. फेब्रुवारी 2018 पासून फंडांना अशीच तुलना द्यावी लागते. त्याआधी लाभांश वगळलेल्या निर्देशांकाशी तुलना करून फंड थोडे अधिक उजळ दिसत असत.

तुमच्या तीन लार्ज कॅप योजनांवर मात्र थोडे थांबले पाहिजे. लार्ज कॅप फंडाला किमान 80 टक्के पैसे बाजारमूल्याने पहिल्या 100 कंपन्यांतच ठेवावे लागतात. तिन्ही योजनांच्या ताज्या फॅक्टशीट (मासिक माहितीपत्रके) घ्या, प्रत्येकीच्या पहिल्या दहा कंपन्या एका कागदावर शेजारीशेजारी लिहा आणि समान नावांवर रेघ मारा. त्याच मोठ्या बँका, त्याच माहिती तंत्रज्ञान कंपन्या, तेच दोन-तीन उद्योगसमूह तुम्हाला तिन्ही ठिकाणी भेटतील, आणि फ्लेक्सी कॅप योजनांचा वरचा भागही फार निराळा निघणार नाही. म्हणजे तुम्ही तीन व्यवस्थापकांना शुल्क देऊन जवळजवळ एकच टोपली घेतली आहे. या एका जागी तरी मला निर्देशांकाचीच नक्कल करणारा, अत्यल्प खर्चाचा इंडेक्स फंड अधिक शहाणपणाचा वाटतो. तो निवडताना खर्चाचे प्रमाण आणि निर्देशांकापेक्षा तो दरवर्षी किती मागे राहतो, एवढे दोनच आकडे पाहिले तरी भागते.

दहा रुपयांच्या नव्या योजनेविषयी थोडक्यात सांगतो. युनिटचा भाव दहा असो वा चारशे, तुमचे दहा हजार रुपये त्याच प्रमाणात वाढतात किंवा घटतात, कमी भावामुळे कोणतीही योजना स्वस्त ठरत नाही. शिवाय एकाच क्षेत्राची योजना घेतली, की त्या क्षेत्रात केव्हा शिरायचे आणि केव्हा बाहेर पडायचे, हे दोन्ही निर्णय तुमच्या गळ्यात पडतात. रोज रात्री आकडे पाहून अस्वस्थ होणाऱ्या व्यक्तीने ते ओझे घेऊ नये.

मग किती योजना असाव्यात? तुमच्यासारख्या नोकरदार व्यक्तीला निवृत्तीसारख्या लांबच्या उद्दिष्टासाठी एक इंडेक्स फंड, एक फ्लेक्सी कॅप आणि सोसवत असेल तर एक मिड किंवा स्मॉल कॅप, इतक्या समभाग योजना पुरेशा आहेत. जवळच्या गरजांचे पैसे ठेवीत किंवा लिक्विड फंडात राहतील. कोणत्या कंपनीचा कोणता फंड, हे मी मुद्दामच लिहीत नाही, कारण कोणता पैसा कधी लागणार आणि त्यातला किती भाग समभागांत ठेवायचा, या दोन प्रश्नांच्या उत्तरांपुढे फंडाच्या नावाचे महत्त्व फारच कमी आहे. तुमच्या पत्रात अकरा योजनांची नावे आणि आकडे आहेत, पण मुलीच्या फीखेरीज एकाही पैशाचा हेतू लिहिलेला नाही. पैसे गुंतवतानाच तो लिहून ठेवला असता, तर फीचे पैसे स्मॉल कॅपमध्ये गेलेच नसते.

आवराआवर करताना "सगळे विका" हा शब्दप्रयोग सोडून द्यावा. पहिली पायरी विक्रीची नाहीच. ज्या योजना नकोत, त्यांच्या एसआयपी थांबवाव्यात आणि तेच पैसे ठेवायच्या योजनांकडे वळवावेत. यात ना कर लागतो, ना एक्झिट लोड (लवकर पैसे काढल्यास कापले जाणारे शुल्क), आणि जमलेले युनिट जसेच्या तसे राहतात. त्यानंतर विक्रीचा विचार. समभाग योजनांचे युनिट एक वर्षाहून अधिक काळ ठेवले असतील, तर 23 जुलै 2024 पासून लागू असलेल्या दरांनुसार आर्थिक वर्षातल्या पहिल्या सव्वा लाख रुपयांच्या दीर्घकालीन नफ्यावर कर नाही आणि त्यावरच्या नफ्यावर 12.5 टक्के कर आहे. वर्षाच्या आत विकल्यास दर 20 टक्के आहे. एसआयपीमध्ये प्रत्येक हप्त्याचे वर्ष स्वतंत्रपणे मोजले जाते आणि विक्रीत आधी घेतलेले युनिट आधी जातात, म्हणून गेल्या बारा महिन्यांतले हप्ते सोडून मागचे युनिट विकावेत. बऱ्याच समभाग योजनांत वर्षाच्या आत विकल्यास लागणारा एक्झिट लोडही त्यामुळे टळतो, तरी प्रत्येक योजनेचा नियम एकदा वाचून घ्यावा. काही विक्री मार्चअखेरीच्या आधी आणि काही एप्रिलमध्ये केली, तर सव्वा लाखाची सवलत दोन वर्षांची वापरता येते. स्मॉल कॅप फंडातून चार लाख काढताना होणारा नफा याच सवलतीत मोजला जाईल, हे विसरू नका. तिथे तोटा निघाला, तर दीर्घकालीन तोटा दीर्घकालीन नफ्यातून वळता करता येतो आणि उरलेला तोटा विवरणपत्र वेळेत भरल्यास पुढची आठ वर्षे ओढता येतो.

ईएलएसएसमध्येही प्रत्येक हप्ता तीन वर्षे अडकलेला असतो, त्यामुळे 36 महिने झालेले हप्तेच बाहेर येतील. तुम्ही नव्या करप्रणालीत गेला असाल, तर या गुंतवणुकीची वजावट मिळत नाही, तेव्हा या एसआयपी चालू ठेवण्याचे मूळ कारणच उरलेले नाही. ते आधी तपासा.

आता डायरेक्ट प्लॅन आणि काका. 1 जानेवारी 2013 पासून प्रत्येक योजनेचा डायरेक्ट प्लॅन उपलब्ध आहे. कंपन्या त्याच, व्यवस्थापक तोच, फरक इतकाच की विक्रेत्याचे कमिशन त्याच्या खर्चात नसते. समभाग योजनांत हा फरक बऱ्याचदा वर्षाला पाऊण ते एक टक्क्याच्या आसपास पडतो. महिना 10,000 रुपये वीस वर्षे भरले आणि परतावा 11 टक्क्यांऐवजी 10 टक्के मिळाला असे धरले, तर सुमारे 86 लाखांऐवजी 76 लाख हाती येतात. तेव्हा दिरांचा मुद्दा खरा आहे. तुमच्या 19 लाखांवर ही रक्कम आज वर्षाला साधारण चौदा ते एकोणीस हजार रुपये होते, आणि गुंतवणूक वाढेल तशी तीही वाढत जाईल.

प्रश्न असा आहे की या पैशांच्या बदल्यात तुम्हाला काय मिळते. पत्रात एका जागी तुम्ही लिहिले आहे की मार्च 2020 मध्ये सगळे काढून घ्यायला निघाला होतात आणि काकांनी घरी फोन करून थांबवले. त्या महिन्यात निफ्टी जानेवारीच्या उच्चांकापासून सुमारे 38 टक्के खाली आला होता. त्या तळाला विकून बाहेर पडला असतात, तर आजवरच्या कमिशनहून कितीतरी मोठी रक्कम गमावली असती, असे म्हणायला हरकत नाही. दुसऱ्या बाजूने, फीचे पैसे स्मॉल कॅपमध्ये असल्याचे त्याच काकांनी कधी विचारले नाही आणि तीन लार्ज कॅप योजनाही त्यांच्याच हातून आल्या. हा हिशेब मी तुमच्या वतीने करू शकत नाही. पुढच्या पडझडीत कोणी न सांगता तुम्ही स्वस्थ बसू शकाल का, याचे प्रामाणिक उत्तर "हो" असेल तर डायरेक्ट घ्या. "नाही" असेल, तर कमिशन देत राहणे हा मूर्खपणा नव्हे, मात्र मग त्या कमिशनच्या बदल्यात वर्षातून एकदा समोर बसून पूर्ण आढावा हक्काने मागा. सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला ठरलेली फी देऊन आराखडा करून घेणे आणि खरेदी मात्र डायरेक्ट करणे, असा तिसरा मार्गही आहे, आणि तुमच्यासारख्या गुंतलेल्या मांडणीसाठी एकदा तरी तो पैसा खर्च करणे योग्य ठरेल.

रेग्युलरमधून, म्हणजे विक्रेत्यामार्फत घेतलेल्या प्लॅनमधून, डायरेक्टमध्ये जाणे ही केवळ नोंद बदलण्याची बाब नाही, हेही दिरांना सांगा. कायद्याच्या दृष्टीने ती विक्री आणि नवी खरेदी आहे, म्हणून वर लिहिलेला कर आणि एक्झिट लोड तिथेही लागतो. नव्या एसआयपी डायरेक्टमध्ये सुरू करून जुने युनिट सवलतीच्या मर्यादेत सावकाश हलवणे बरे.

लक्ष ठेवण्याच्या बाबतीत माझा सल्ला थोडा उलटा वाटेल : ॲप मोबाइलवरून काढून टाका. त्याऐवजी कॅम्स आणि केफिनटेक या रजिस्ट्रार कंपन्यांकडून तुमच्या नावाचे एकत्रित खातेविवरण ईमेलवर मागवा. पॅन आणि नोंदवलेला ईमेल पत्ता एवढ्यावर ते मिळते. त्यात प्रत्येक फोलिओखाली (फंडातल्या तुमच्या खात्याखाली) योजनेचे पूर्ण नाव, रेग्युलर की डायरेक्ट, ग्रोथ (नफा योजनेतच ठेवणारा) की लाभांशाचा पर्याय, विक्रेत्याचा एआरएन म्हणजे नोंदणी क्रमांक, तीन दशांश स्थळांपर्यंत युनिट आणि नामनिर्देशन झाले आहे की नाही, हे सगळे दिसते. शेवटची नोंद आधी पाहा, कारण दहा वर्षांत उघडलेल्या जुन्या फोलिओंत ती राहून गेलेली असणे अगदी शक्य आहे. असे विवरण सहा महिन्यांतून एकदा वाचणे पुरेसे आहे, आणि वाचताना यजमानांना शेजारी बसवा. त्या वेळी पाहायचे ते हे, की ठरवलेले समभागांचे प्रमाण फार हलले आहे का, एखाद्या योजनेचा व्यवस्थापक किंवा धोरण बदलले आहे का, आणि ती आपल्या निर्देशांकापेक्षा सलग तीन वर्षांहून अधिक काळ मागे पडत आहे का. सहा महिन्यांची पिछाडी हे विकण्याचे कारण होऊ शकत नाही.

काकांना कोणत्या तोंडाने सांगू, असे तुम्ही विचारता. तुम्ही त्यांचा अपराध केलेला नाही, त्यामुळे तोंड लपवण्याचे कारण नाही, पण फोलिओतून परस्पर नाव गळालेले त्यांना विवरणात कळावे, हेही बरे नव्हे. फीच्या चार लाखांचा अर्ज देण्याच्या निमित्ताने त्यांना घरी बोलवा. अकरा योजनांची यादी समोर ठेवा आणि विचारा, "काका, यांतली प्रत्येक योजना आपण कशासाठी ठेवली आहे?" ते प्रत्येक योजनेला समाधानकारक उत्तर देऊ शकले आणि नको त्या योजना बंद करायला स्वतःहून तयार झाले, तर काही गुंतवणूक त्यांच्याकडे राहू द्या. त्याऐवजी त्यांनी आणखी एक नवी योजना सुचवली, तर पुढची एसआयपी तुम्ही स्वतः डायरेक्ट सुरू करणार आहात, हे त्यांना तिथेच, चहा घेता घेता सांगून टाका.